डाव्या हातापासून ऐकायचा अल्बम

जिमी स्मिथ यांचा ‘बॅक ॲट द चिकन शॅक’ हा जॅझ ऑर्गनचा अल्बम पहिल्यांदा लावला की कान साहजिकच ऑर्गनच्या वरच्या सुरांकडे आणि स्टॅनली टरेंटाइन यांच्या टेनर सॅक्सोफोनकडे धावतो. माझा सल्ला मात्र असा, की पहिल्या दोन वेळा त्याकडे दुर्लक्ष करून फक्त खर्ज ऐकावा. २५ एप्रिल १९६० रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झाले आणि ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने ते १९६३ मध्ये प्रकाशित केले. गिटारवर केनी बरेल आणि ड्रमवर डोनाल्ड बेली आहेत, पण बास वाजवणारा वेगळा वादक नाही. ते काम स्मिथ स्वतःच हॅमंड ऑर्गनच्या खालच्या कीबोर्डवर डाव्या हाताने करतात आणि पायाखालच्या पेडलला हलका स्पर्श देऊन त्या सुरांना ठोसपणा आणतात. मोबाइलच्या स्पीकरमधून हा खर्ज जवळजवळ नाहीसाच होतो, म्हणून चांगले हेडफोन किंवा मोठे स्पीकर हवेतच.

सुरुवात शीर्षकरचनेपासून करावी. ती ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी संगीतप्रकारातली १२ बारांची, म्हणजे मात्रांच्या १२ गटांची, रचना आहे. प्रत्येक बार ४ मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन. बोटांवर बार मोजत बसल्यास पाचव्या बारला खर्ज षड्जावरून मध्यमाकडे सरकतो, सातव्याला घरी परततो आणि शेवटच्या चार बारांत पंचमाची ओढ घेऊन पुन्हा षड्जाशी येतो, हे लक्षात येईल. ठेका धरून गाणे ऐकण्याची सवय असलेल्याला हे आवर्तन चार-पाच फेऱ्यांत अंगवळणी पडते, आणि मग एकल वादन करणारा वादक सम कुठे गाठतो आणि कुठे मुद्दाम ओलांडून जातो, याचा खरा आनंद मिळू लागतो.

त्यानंतर उजव्या हाताकडे वळावे. कीबोर्डवरील ९ ड्रॉबारपैकी (स्वराचा पोत ठरवणाऱ्या, बाहेर ओढायच्या दांड्यांपैकी) पहिले तीन पूर्ण ओढायचे, उरलेले आत ठेवायचे आणि जोडीला पर्कशनचा स्वर लावायचा, ही स्मिथ यांची ओळखीची मांडणी. तिच्यामुळे प्रत्येक सुराच्या तोंडाशी लहानसा टणक ठोका येतो. आपल्या पेटीत भात्याने जे साधते ते इथे उजव्या पायाखालच्या आवाजाच्या पेडलने साधते, म्हणून दीर्घ सूर कसा फुगतो आणि ओसरतो तेही ऐकावे.

‘मायनर चान्ट’ ही टरेंटाइन यांची रचना केवळ सॅक्सोफोनच्या जाड, उबदार स्वरासाठी ऐकली तरी चालेल. ‘मेसी बेसी’ मात्र शेवटी ठेवावी: ती बारा मिनिटांहून लांब आहे, आणि तेवढा वेळ न थकता चालणारा तो डावा हात तोवर तुम्हाला आपोआप ऐकू येऊ लागलेला असेल.