रेडिएटर बदलला, तरी गाडी तापतेय?
मे महिन्यात, इंदूरला राजवाड्याच्या गर्दीत तापमानाचा काटा वर चढला की जीव घाबरतो, आणि तोही परवाच काम करून आणल्यावर! आधी हीटर लावून बघा. काटा वर आणि हवा मात्र गार, म्हणजे बहुधा कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच (गरम असताना झाकणाला हात लावू नका, भाजाल) रेडिएटरचं झाकण उघडा, हीटर फुल्ल ठेवून गाडी चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यातलं सील) तपासून घ्या. बायपासवर ठीक, फक्त सिग्नलला तापते? मग रेडिएटरचा पंखा बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की तो फिरायला लागतो.