सेक्रेटरी सोसायटीसाठी झटतो की स्वतःसाठी, हे कसं ओळखाल?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरमध्ये माझा संसार झाला. कमिटीची निवडणूक आली की नवे सभासद विचारतात, "काकू, मत कुणाला द्यायचं?" मी नाव सांगत नाही, काय बघायचं ते सांगते.

नुसत्या धावपळीवर जाऊ नका. आमचे एक चेअरमन रात्री दोनला पंप बंद पडला तरी खाली उतरायचे. देवमाणूस म्हणायचे सगळे, मीसुद्धा. पण प्लंबरचा नंबर फक्त त्यांच्या मोबाइलमध्ये, पंपाच्या खोलीची चावी त्यांच्याच खिशात. गणपतीला ते गावी गेले आणि पंप जळला. दोन दिवस आम्ही शेजारच्या बिल्डिंगमधून बादल्या वाहिल्या. परत आल्यावर म्हणाले, "बघा, मी नसलो की काय होतं!" ते बोलताना त्यांचा चेहरा खुलला होता. मला ते फार लागलं.

नंतरच्या सेक्रेटरीबाईंनी पहिल्याच महिन्यात सगळे नंबर मीटर रूमच्या दारावर रंगवून घेतले. म्हाडाच्या ऑफिसात जाताना दर वेळी वेगळ्या सभासदाला सोबत न्यायच्या. ताळेबंद वाचायला मी त्यांच्यामुळे शिकले. अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये सेवक-नेतृत्वाची कल्पना मांडली, तिची कसोटी हीच आहे: ज्यांची सेवा होते ती माणसं जास्त शहाणी, जास्त स्वावलंबी होतात का? उमेदवाराची कामं मोजाल तेव्हा हेही विचारा, की त्याच्यामुळे बिल्डिंगमध्ये आणखी कुणाला काय करता येऊ लागलं.

मग कागद मागा. सभेचं इतिवृत्त आणि ताळेबंद बघायचा हक्क सहकार कायद्यानंच सभासदाला दिलाय. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं उत्तर आलं तर थांबा. नोकरी सांभाळून हे काम करणारा माणूस एखाद्या दिवशी वैतागतोच, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. तेव्हाही तेच उत्तर आलं, तर मी त्याला मत देत नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, ती चुकवू नका. विरोधात बोललेलं वहीत उतरतं का, ते पाहा. तळमजल्यावरच्या आजोबांनी पुनर्विकासाबद्दल विचारलं होतं: बिल्डरनं काम मध्येच थांबवलं तर आमचं भाडं कोण देणार? इतिवृत्तात आलं फक्त 'चर्चा झाली'. बिल्डरला एकट्यानं भेटून येणाऱ्या पदाधिकाऱ्याला तर भर सभेत जाब विचारा. इथे प्रश्न डोक्यावरच्या छपराचा आहे.

बॅनरवरच्या फोटोंना मी महत्त्व देत नाही. फोटोची हौस असलेली माणसंही मनापासून राबताना मी पाहिली आहेत.

शेवटी उमेदवाराला एवढंच विचारा, "तुमच्यानंतर हे काम कोण बघेल?" आमच्या सेक्रेटरीबाईंनी क्षणात तिसऱ्या मजल्यावरच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीचं नाव घेतलं होतं. आता इतिवृत्त तीच लिहिते, आणि पंपाच्या खोलीची चावी तिघांकडे असते.