अठरा पूर्ण होईपर्यंत गाडीची किल्ली नको

दहावी झाली की क्लासच्या निमित्ताने घरची स्कूटर मुलांच्या हातात जाते. कृपा करून देऊ नका. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि आपल्या घरोघरच्या स्कूटर 100 सीसीच्या वरच्या. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

अठरा झाले की लर्निंग काढा. पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनी देता येते. तो महिना सोन्यासारखा वापरा. रविवारी सकाळी लवकर आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडला एल लावून न्या, मागे तुम्ही बसा. लर्निंगवर मागे शिकवणारा लायसन्सधारकच चालतो, मैत्रीण नाही, हे आधीच सांगून ठेवा. माझ्या लेकीकडून मी पहिले आठ दिवस एकच घोटून घेतलं: आरसा, इंडिकेटर, मान वळवून मागे नजर, मगच वळण. हेल्मेटचा पट्टा ‘टक’ वाजल्याशिवाय स्टार्टर दाबायचा नाही. गर्दीचा द्वारका चौक मात्र अगदी शेवटी.