मूत्राशयाची क्षमता घरीच मोजा

कोल्हापुरात महाद्वार रोडवर मिळतो तसला मिलीलीटरच्या खुणांचा प्लॅस्टिकचा मग घ्या आणि तो फक्त याच कामाला ठेवा. सलग तीन दिवस प्रत्येक लघवी त्यात करून वेळ आणि माप वहीत लिहा. मग सपाट जागी ठेवा, फेस बसू द्या, डोळा खुणेच्या पातळीत आणून वाचा. वरून बघितलं की आकडा हमखास चुकतो. तिन्ही दिवसांतला सर्वांत मोठा आकडा म्हणजे तुमची क्षमता. बहुधा तो पहाटेचाच असतो. मोठ्या माणसात साधारण 300 ते 500 मिली येतं. लघवीनंतर आत थोडी उरत असेल तर ती यात धरली जात नाही, ती सोनोग्राफीत दिसते.

आकडा वाढावा म्हणून कळ येईपर्यंत अजिबात रोखू नका, आणि मुद्दाम तांब्याभर जादा पाणीही पिऊ नका. वाटेत लघवीला लागेल म्हणून पुण्याच्या एसटीत बसायचीच धास्ती वाटणाऱ्या आपल्या आई-मावश्यांना ही वही फार उपयोगी पडते. दर वेळी 150 मिलीच्या आतच होत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. जळजळ किंवा रक्त दिसलं तर मात्र तीन दिवस थांबू नका. लघवी तुंबली तर तडक दवाखाना गाठा.