सीतेची वेणी: ओळखायची कशी, वाढवायची कशी

मे-जूनमध्ये सह्याद्रीतल्या जुन्या झाडांच्या फांद्यांवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे फूटभर लांब, गच्च भरलेले घोस लोंबताना दिसतात. ही सीतेची वेणी नावाची ऑर्किड, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आसामात हिलाच कोपौ फूल म्हणतात. तिथलं ते राज्यफूल आहे आणि बिहू नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात.

आधी ओळख पक्की करा. सीतेची वेणी, द्रौपदीची वेणी ही नावं लोक दोन-तीन वेगवेगळ्या ऑर्किडना सरसकट देतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. खरा घोळ होतो तो एरिडीस नावाच्या दुसऱ्या ऑर्किडशी. दोन्ही झाडांवरच वाढतात, दोन्हींचे घोस लोंबतात. फूल हातात न घेता नीट जवळून बघा. सीतेच्या वेणीचं फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं, पांढरं, त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके. खालची वेगळी दिसणारी पाकळी, म्हणजे ओठ, गडद जांभळट आणि तिच्या बुडाशी मागे वळलेली चपटी पिशवी. एरिडीसमध्ये या जागी पुढे वळलेली शिंगासारखी नळी असते. घोसही एरिडीसचा इतका दाट नसतो.

फुलं नसतील तर पानं पाहा. लांब, जाड, मधोमध पन्हळ पडलेली असतात आणि टोक उंदराने कुरतडल्यासारखं वेडंवाकडं दिसतं. नुसत्या पानांवरून मात्र मी छातीठोक काही सांगणार नाही, फुलोऱ्यापर्यंत थांबावं.

रोप जंगलातून काढून आणू नका. धुळीइतक्या बारीक बियांना रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते आणि रोप फुलावर यायला काही वर्षं जातात, म्हणून ओरबाडलेली जागा सहजी भरून निघत नाही. रोपवाटिकेत तयार केलेलंच घ्या.

आता लागवड. कुंडी आणि माती विसरा. हे झाड दुसऱ्या झाडावर राहतं, पण त्याचं काही खात नाही. मुळं उघड्या हवेत पसरतात. त्यामुळे खडबडीत सालीचा ओंडका किंवा फळ्यांची जाळीदार टोपली घ्या, टोपलीत लाकडी कोळशाचे मोठे तुकडे. मुळांना नवी हिरवी टोकं फुटलेली असताना रोप सुती पट्टीने घट्ट बांधा, हललं तर टोकं मोडतात. रोप जरा तिरकं ठेवा, म्हणजे शेंड्यात पाणी साचणार नाही. साचलं तर शेंडा कुजतो, आणि या ऑर्किडला वाढणारा शेंडा एकच. एकदा मुळं धरली की उगाच उपटून दुसरीकडे हलवू नका. त्याचा राग ती वर्षभर धरते.

पाणी कधी घालायचं हे मुळंच सांगतात. कोरडी असली की रुपेरी दिसतात, भिजली की हिरवी होतात. सकाळी हिरवी होईपर्यंत भिजवा, संध्याकाळपर्यंत ती पुन्हा रुपेरी व्हायला हवीत. उन्हाळ्यात रोज, थंडीत एक-दोन दिवसांआड. पावसात उघड्यावर राहिली तरी चालतं, वारा मात्र खेळता हवा.

उजेड भरपूर द्या: सकाळचं कोवळं ऊन, नंतर ५० टक्के शेडनेट. पानं गर्द हिरवी आणि लुळी पडली तर सावली जास्त होतेय, फुलं धरणार नाहीत. पिवळट पडली तर ऊन जास्त.

वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आधी भिजलेल्या मुळांवर फवारा. मधूनमधून नुसत्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर क्षार साठून मुळांची टोकं काळी पडतात.

फुलोरा पानांच्या बेचक्यातून येतो आणि दोन-तीन आठवडे टिकतो. तो सुकला की दांडा स्वच्छ कात्रीने बुडाशी कापा. लोंबणारी मुळं मात्र कितीही अस्ताव्यस्त दिसली तरी छाटू नका.