'जग' आणि 'जग': प्राटसाठी आवाज टिपायला निघण्याआधी

प्राट, म्हणजे आवाजाचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवा. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेलं, फुकट, इन्स्टॉल करायचीही भानगड नाही. सेल, हेडफोन, परवानगीचे कागद हे सांगायला नको.

आता रेकॉर्डर. सॅम्पलिंगचा दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो) ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, फाइल वॅव. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मागच्या खेपेला मी पाहिलं नाही. कुणीतरी भाषणं टिपायला दर १६००० वर आणून ठेवला होता. दराच्या निम्म्यापर्यंतचंच टिपलं जातं, म्हणजे ८००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं, आणि मी गेलो होतो तालव्य ('जग' म्हणजे दुनिया, त्यातला) आणि दंततालव्य ('जग' म्हणजे जिवंत राहा, त्यातला) 'च', 'ज' मोजायला! दंततालव्याच्या घर्षणाचा जोर तालव्यापेक्षा वरच्या पट्टीत असतो, तोच छाटला गेला. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचे (आवाजाचा जोर सरासरी किती हर्ट्झवर आहे त्याचे) आकडे मातीमोल. घरी येऊन दर ४४१०० करून पाहिला. टिपलंच नाही ते कुठून येणार?

गंमत म्हणजे तिथल्या तिथे तपासलंही होतं. पण प्राटचा स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) मुळात ५००० हर्ट्झपर्यंतच दाखवतो, त्यामुळे चित्र ठणठणीत दिसलं. ती मर्यादा १५००० करा. पाच सेकंदांचा नमुना टिपा, प्राटमध्ये उघडा, इन्फो दाबा, दर वाचा. व्हॉट्सॲपवर आवाज मागवायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका.

शब्दांची यादी सुटी नेऊ नका. आपल्या लिपीत दोन्ही 'ज' सारखेच, नुसतं 'जग' लिहिलंत तर माणूस कुठला उच्चारणार? 'सगळं जग' आणि 'शंभर वर्षं जग' अशी वाक्यं द्या, क्रम पिसून. प्रत्येक वाक्य किमान तीनदा.

पंखा बंद. उकडेल, चालेल. माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला, नाहीतर 'प', 'फ'चे फटके बसतात.

स्वरही मोजणार असाल तर फॉर्मंटची (स्वर ज्या पट्ट्यांत जास्त घुमतो त्यांची) कमाल मर्यादा पुरुषांना ५००० हर्ट्झ, बायकांना ५५००. मुलांना आणखी वर. टेक्स्टग्रिड (आवाजावर कुठे काय आहे त्या खुणांची फाइल) वेगळं सेव्ह करावं लागतं. फाइलींना नावं त्याच दिवशी. एक प्रत पेनड्राइव्हवर.

आणि दर. निघताना पाहा, पोचल्यावर पाहा, जेवणानंतर कुणी रेकॉर्डर हाताळला असेल तर परत पाहा.