जिन्यातले सेन्सर दिवे मोबाइलवरून कसे सेट करावेत

आमची इमारत मुलुंडची, चार मजली, लिफ्ट नसलेली. जिन्यात आणि पॅसेजमध्ये मिळून २० वॉटच्या १४ एलईडी ट्यूब. वॉचमन संध्याकाळी सातला लावायचा, सकाळी सातला बंद करायचा. हिशेब केला तर रात्रीचे सुमारे ३.४ युनिट, म्हणजे महिन्याला शंभरेक. त्यातला निम्मा उजेड रिकाम्या पायऱ्यांवर पडत होता, म्हणून कमिटीने मोशन सेन्सर बसवले. तिसऱ्याच दिवशी वरच्या आजी भाजी घेऊन चढताना दुसऱ्या लँडिंगवर दम खायला टेकल्या आणि दिवा गेला. मला बोलावून म्हणाल्या, "अरे, मी काय भूत आहे का? दिसत कशी नाही त्याला?"

आजी सेन्सरला खरंच दिसत नव्हत्या. त्याचं कारण कळलं की ॲपमधल्या सेटिंग्जही कळतात, म्हणून आधी तेच सांगतो.

जिन्यात बहुतेक पीआयआर सेन्सर असतो. तो स्वतः काहीच सोडत नाही. अंगातून निघणारी उष्णता भिंगाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्याला हालचाल कळते. त्याच्यासमोरून आडवं जाणारं माणूस त्याला चटकन कळतं, सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा, आणि स्वस्थ बसलेलं कळतच नाही. शिवाय मुंबईत मेच्या दुपारी हवा ३३-३४ अंशांवर असते आणि आपली त्वचाही जवळपास तेवढीच गरम. फरकच उरला नाही की सेन्सर मंदावतो. काचेपलीकडचंही त्याला दिसत नाही.

दुसरा प्रकार मायक्रोवेव्हचा. हा लहरी सोडून परत आलेल्या लहरी तपासतो, त्यामुळे बारीक हालचालही पकडतो. पण प्लायवूड, काच, पातळ भिंत यांच्या आरपार जातो. जिन्यालगतच्या घरात कुणी पाणी प्यायला उठलं तरी बाहेर दिवा लागेल. मोठ्या पार्किंगला तो चालतो, अरुंद जिन्याला मी पीआयआरच घेईन.

फोन हातात घेण्यापूर्वी

सेन्सरला सहसा फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. जुन्या इमारतींत स्विचच्या डबीत न्यूट्रल नसतोच, तो थेट दिव्याकडे गेलेला असतो. म्हणून सेन्सर स्विचच्या जागी न बसवता दिव्यापाशी बसवावा, किंवा आतच सेन्सर असलेलं फिटिंग घ्यावं. एका सेन्सरवर किती दिवे चालतील हे बघताना डब्यावरचा एलईडीचा आकडा वाचा. साध्या बल्बचा आकडा मोठा असतो, त्यावर भुलू नका. उजेड मंद करायचा असेल तर ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) डिमिंगवाला हवा. साधी ट्यूब फक्त लागते आणि विझते. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आणि एमसीबी (वीज तोडणारा बोर्डवरचा खटका) पाडूनच करून घ्या.

ॲपमध्ये दिवे जोडणं

मोबाइलवरून सेट होणारे बहुतेक सेन्सर ब्लूटूथवर फोनशी थेट बोलतात, जिन्यात वाय-फाय नसलं तरी बिघडत नाही. ब्लूटूथ मेश हे मानक २०१७ मध्ये आलं. त्यात एक फिटिंग निरोप पुढच्याला देतं आणि तळमजल्यावरून चौथ्या मजल्याचा दिवाही बदलता येतो. तरी पहिल्या जोडणीच्या वेळी दिव्याखालीच उभं राहा. आरसीसीचा स्लॅब मध्ये आला की संपर्क तुटतो आणि आपण उगीच ॲपला दोष देतो.

ॲप टाकल्यावर फोनमध्ये सेन्सर दिसतच नसतील तर परवानग्या तपासा. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढे 'जवळची उपकरणं' ही परवानगी लागते. त्याआधीच्या फोनवर लोकेशन चालू ठेवावं लागतं. ब्लूटूथला लोकेशन कशाला, असं वाटून आमच्या खजिनदारांनी ते तीनदा नाकारलं आणि अर्धा तास गेला.

आता यादी येते, आणि त्यात १४ सारखीच नावं. सगळे दिवे एकदम चालू करून जोडायला घेतलं की हा घोळ होतोच. एकेका मजल्याचा एमसीबी वर करा, तेवढेच दिवे जोडा, मग पुढचा मजला. यादीतल्या नावावर टिचकी मारली की तो दिवा लुकलुकण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, ती वापरा. दिवा ओळखला की लगेच नाव द्या: 'जिना २ लँडिंग', 'पॅसेज ३ डावा'. 'सेन्सर ७' असं नाव सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

मग ग्रुप करा. जिन्यात लँडिंगचा दिवा आणि त्याच्या वरचा-खालचा दिवा एकत्र लागले पाहिजेत, म्हणजे माणूस अंधारात पाय टाकत नाही. पॅसेज मात्र मजल्यागणिक वेगळे ठेवा. एकाने दार उघडलं म्हणून चारही मजले उजळले तर वीज वाचली कुठे?

चार आकडे

पहिला होल्ड टाइम: शेवटची हालचाल दिसल्यावर दिवा किती वेळ पूर्ण उजेडात राहील. कारखान्यातून येताना तो बहुधा अर्धा-एक मिनिट असतो. दुकानात सेन्सर दाखवायला ते ठीक, जिन्याला नाही. मी एका संध्याकाळी पायरीवर घड्याळ घेऊन बसलो. तरुण मुलं एक मजला पंधरा-वीस सेकंदांत चढतात. आजी लँडिंगवर दीड मिनिट थांबल्या. वर मला बसलेला बघून गप्पाही मारल्या, ते वेगळंच. होल्ड टाइम तीन मिनिटांवर नेला. तुमच्या जिन्यातला सगळ्यात सावकाश माणूस शोधा, त्याचा थांबा मोजा आणि आकडा त्याच्या दुप्पट ठेवा. वीज थोडी जास्त जाते, जाऊ दे.

दुसरा, होल्ड टाइम संपल्यावरचा उजेड. जिन्यात शून्य कधीच ठेवू नका. वीसेक टक्के मंद उजेड रात्रभर असला की पायरीची कड दिसते, आणि सेन्सर बिघडला तरी कुणी ठेचकाळत नाही. मीटर रूमला शून्य चालतं.

तिसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक हालचालीला दिवा लागेल. मधोमध ठेवून सुरुवात करा. पार्किंगमध्ये मांजरी फिरतात, पावसाळ्यात किडे भिंगावर बसतात, आणि दिवा रात्रभर उघडझाप करत राहतो. तसं झालं की आकडा एकेक टप्प्याने कमी करा, पण आधी भिंग कोरड्या कापडाने पुसून बघा. जानेवारीत बसवलेला आकडा मेमध्ये पुन्हा तपासावा लागतो, कारण वर सांगितलंच.

चौथा लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) उंबरठा, म्हणजे किती अंधार झाल्यावर दिव्याने लक्ष द्यायला लागायचं. इथे बरेच जण वेळापत्रक लावतात, सात ते सात. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैत सव्वासातपर्यंत उजेड असतो. शिवाय त्याच जुलैत भर दुपारी तीनला ढग दाटून आले की जिन्यात हात दिसत नाही. घड्याळाला हे कुठून कळणार? लक्सच बरा.

तो आकडा कुठल्या तक्त्यातून उचलू नका. सेन्सर छतावर असतो, पायरी खाली, दोन्हीकडचा उजेड वेगळा. संध्याकाळी दिवा बंद ठेवून जिन्यात उभे राहा. पायरीची कड पुसट व्हायला लागली की ॲपमध्ये त्या क्षणी दिसणारा लक्सचा आकडा वाचा आणि त्याहून थोडासा जास्त ठेवा. दिवा लागून लगेच विझत असेल, पुन्हा लागत असेल, उचकी लागल्यासारखा, तर सेन्सर स्वतःच्याच दिव्याचा उजेड मोजतोय. सेन्सरचं तोंड फिरवा किंवा तो दिव्यापासून थोडा दूर घ्या. ॲपमध्ये फक्त दिवा बंद असतानाच उजेड मोजण्याची सोय असेल तर ती चालू करा.

चालून बघणं

बऱ्याच ॲपमध्ये 'वॉक टेस्ट' असते. ती चालू केली की होल्ड टाइम काही सेकंदांवर येतो आणि कुठल्या पायरीवर दिवा लागतो हे पटकन समजतं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, एकदा भिंतीला चिकटून चाला. पहिली पायरी अंधारात जात असेल तर आकडे बदलण्याआधी सेन्सरचा कोन बदला. टेस्ट संपल्यावर तो मोड बंद झालाय ना, हे बघा. आमचा एक दिवा आठवडाभर पाच सेकंदांवरच होता.

किल्ली कुणाकडे

आमच्या कंत्राटदाराने सगळं त्याच्या फोनवर, त्याच्याच नंबरवर सेट केलं. सहा महिन्यांनी तो फोन उचलेना. पासवर्ड त्याच्याकडे, दिवे आमच्याकडे. शेवटी शिडी लावून प्रत्येक फिटिंग ठरलेल्या क्रमाने बंद-चालू करत रीसेट केलं आणि नावं देण्यापासून सगळं पुन्हा केलं. म्हणून खातं सोसायटीच्या ईमेलवर उघडा, दोन पदाधिकाऱ्यांच्या फोनवर ते चालवा, नेटवर्कचा क्यूआर कोड किंवा बॅकअप फाइल काढून सोसायटीच्या कागदपत्रांत ठेवा. कमिटी बदलली की चेकबुकबरोबर हेही सोपवायचं.

वेळेनुसार काही लावलं असेल तर लाइट जाऊन आल्यावर एकदा ॲप उघडून जवळ उभे राहा. काही सेन्सरचं घड्याळ वीज गेली की विसरतं आणि फोनवरूनच पुन्हा जुळतं.

सणांसाठी ॲपमध्ये एक वेगळा सीन, म्हणजे एका टिचकीत लागणारी सेटिंग, करून ठेवा, 'सगळं पूर्ण चालू'. गणपतीत आरतीला, दर्शनाला माणसं मध्यरात्रीपर्यंत वर-खाली करतात, तेव्हा सेन्सरचं गणित निरर्थक असतं. फक्त अनंत चतुर्दशीला तो सीन बंद करायचं रिमाइंडर फोनमध्ये लावा. आमच्याकडे तो थेट घटस्थापनेला कुणाच्या तरी लक्षात आला.